मूत्रपिंडाची 'इतर कार्ये'

शरीर समजून घ्यायचं तर आधी त्याच्या संस्था एकेक करून नीट शिकाव्यात, त्यांचा परस्परसंबंध मागाहून आपोआप कळतो, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मी त्याच क्रमाने जात असे. पचन संपलं की श्वसन, मग रक्ताभिसरण, मग उत्सर्जन. सरकारी कचेरीतल्या टेबलांसारखं प्रत्येकीचं काम नेमून दिलेलं आणि सगळ्यांवर साहेब म्हणून मेंदू. आज माझं मत ते राहिलेलं नाही, आणि ते का बदललं हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे.

मधुमेहामुळे माझ्या थोरल्या दिरांची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि डायलिसिस सुरू झालं. हिमोग्लोबिन सारखं खाली यायचं. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची. जाऊबाईंनी एकदा विचारलं, "किडनी बिघडली हे समजलं गं, पण रक्त का कमी होतंय? कुठे रक्त गेलेलं नाही, जेवणही बरं आहे. तू शिकवतेस ना हे सगळं?"

उत्तर मला माहीत होतं. रक्तातून येणारा प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडातल्या काही पेशींना ते कळतं आणि त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते रक्तावाटे हाडांच्या आतल्या मज्जेपर्यंत जातं आणि तिथे तांबड्या पेशी जास्त तयार होऊ लागतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवसच जगते, त्यामुळे नवी भर सतत पडावी लागते. मूत्रपिंड खचलं की तो निरोप क्षीण होतो. दिरांना जी इंजेक्शनं देत होते, ती याच संप्रेरकाची. पेशींना प्राणवायूची टंचाई कशी कळते हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं, इतका हा विषय मोठा आहे. आणि मी तो वर्गात कुठे सांगत होते? उत्सर्जनाच्या धड्याच्या अगदी शेवटी, 'मूत्रपिंडाची इतर कार्ये' म्हणून. घरातल्या माणसाचं चालणं-फिरणं ज्याच्यावर अवलंबून होतं, ते माझ्या वहीत 'इतर' होतं.

त्यानंतर मी धडे बाजूला ठेवून एकेक घटना धरून शरीराकडे पाहू लागले. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात काम करणारा मजूर घ्या. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्ताचं आकारमान घटतं, दाब उतरू लागतो. मूत्रपिंडाला ते जाणवतं आणि ते रेनिन सोडतं. रेनिन ज्या प्रथिनावर काम करतं ते यकृताने आधीच रक्तात सोडून ठेवलेलं असतं. त्यातून तयार झालेला पदार्थ अजून दुबळाच असतो. त्याला खरा जोर येतो तो मुख्यतः फुप्फुसांमधल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. तिथून निघालेलं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं, म्हणजे मीठ शरीरातच राखलं जातं, आणि मेंदूत तहान जागी करतं. मजूर तांब्याभर पाणी पितो. दाब सावरला की मूत्रपिंड रेनिन कमी करतं. आता ही हकिकत कोणत्या धड्यात घालायची? यात मेंदू आहे, पण हुकूम त्याचा नाही; त्यालाच निरोप येतो.

हृदयाचंही तसंच. मी ते केवळ पंप म्हणून शिकवलं होतं. 1981 मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. रक्त जास्त झालं, कप्पे ताणले गेले, की हृदय स्वतःच संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला कळवतं.

मेंदूच सगळं चालवतो ही समजूत तर 1902 मध्येच ढळली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याच्या नसा कापल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसांचा दुवा उरला नसतानाही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप रक्तातून गेला होता. हे काम नसांचंच, असं मानणाऱ्या पावलॉव्ह यांनीही पुढे आपल्या प्रयोगशाळेत तो प्रयोग करवून पाहिला आणि निष्कर्ष मान्य केला. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

संस्था वेगळ्या करून शिकण्याला अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शल्यचिकित्सकाला कुठली धमनी कुठून जाते ते पाठच असावं लागतं, आणि आकृती न काढता मूत्रपिंड कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही. बदलला आहे तो क्रम. आधी घटना, मग तिच्यात गुंतलेले अवयव, आणि आकृत्या त्या ओघात. अभ्यासक्रम याने थोडा मागे पडतो. मला ते चालतं.

याचा उपयोग परीक्षेपलीकडेही आहे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या वर सांगितलेल्या साखळीतली फुप्फुसांकडची पायरी अडवतात. ही पायरी घडवणारं विकर ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. ते अडलं की तो साचतो आणि काहींना कोरडा खोकला लागतो. मग खोकल्यासाठी वेगळा डॉक्टर, वेगळं औषध, आणि रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेखही होत नाही. गुडघेदुखीवर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडालाही इजा करू शकतात, हेही दोन डॉक्टरांच्या मध्येच राहून जातं.

म्हणून वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या किंवा डोळ्यांच्यासुद्धा, जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, पण विचारल्याशिवाय उठूही नका.