लातूरची गुलाबी गच्ची

आधी एक कबुली देऊन टाकते. गेल्या दोन वर्षांत मी अकरा सक्युलंट मारलेत. तेही अगदी प्रेमाने, रोज पाणी घालून घालून! मॉलमधून आणलेली ती कॉफीच्या मगाएवढी गोंडस झाडं पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या खिडकीत यायची, फोटो काढून घ्यायची, लाइक्स मिळवायची आणि महिनाभरात बुडापासून मऊ पडून आडवी व्हायची. बारावं झाड पिवळं पडायला लागलं तेव्हा मी लातूरच्या मावशीला फोन लावला.

"रोज पाणी? अगं, झाड जगवलालीस का बुडवलालीस?" मावशी हसली. "मे महिन्यात ये. माझी गच्ची बघून जा."

मे महिन्यात लातूर! मित्रमंडळी मनालीची बुकिंग्ज करत होती आणि मी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. सकाळी गंजगोलाईपाशी उतरले. इथून सोळा रस्ते फुटतात आणि सकाळी आठलाच सोळाही रस्ते तापलेले असतात. पाठीवर सॅक अडकवलेली क्लासची पोरं, चहाच्या गाड्या, दुकानांची वर जाणारी शटर्स आणि डोक्यावर ऊन. इथे फुलं? मला तर पहिल्यांदा टोपी आणि मग थंडगार ताक हवं होतं.

सगळेच एनआरआय!

गच्चीचं दार उघडलं आणि मी चक्क "वॉव" म्हणाले. कठड्यावरून राणी रंगाची बोगनवेल ओसंडून वाहत होती. शेजारी अ‍ॅडेनियमच्या कुंड्यांची रांग. बुंधा पोट सुटलेल्या काकांसारखा आणि डोक्यावर गुलाबी फुलांचा तुरा. फुटक्या बादलीत चिनी गुलाब, ऊन चढल्यावर उमलणारा, म्हणून त्याचं दुसरं नाव 'ऑफिस टाइम'. सदाफुली, काटेरी युफोर्बिया, कोरफड, पानफुटी... भर उन्हात सगळी मंडळी मजेत!

यातलं मूळचं मराठवाड्यातलं कुणीच नाही, हे विशेष. अ‍ॅडेनियम आफ्रिका आणि अरबस्तानातलं, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. सदाफुली आणि हा युफोर्बिया तर थेट मादागास्करचे. शिवाय बोगनवेलीचं जे रंगीत 'फूल' म्हणून आपण फोटो काढतो, ती खरं तर पानं. खरं फूल त्यांच्या मधोमध बसलेलं, पांढरट आणि इवलंसं.

काळी माती, सावधान

मावशीने माझ्या बाराव्या झाडाचा मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि निकाल दिला, "माती चुकली." लातूरची काळी माती सोयाबीन-तुरीला सोन्यासारखी. पण कुंडीतल्या सक्युलंटला ती नको. ओली झाली की चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माझ्या मॉलवाल्या कुंडीत कोकोपीट होतं. तेही स्पंजसारखं पाणी धरणारं, त्यात कुंडीला खाली भोकच नव्हतं!

मावशीची रेसिपी सोपी आहे. दोन भाग मुरूम आणि जाडी वाळू, एक भाग मुरलेलं शेणखत, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा. कुंडी मातीचीच, म्हणजे ती स्वतः श्वास घेते.

ही झाडं पाण्यावाचून तगतात कशी? यातली कोरफड-पानफुटीसारखी मंडळी चक्क नाइट शिफ्ट करतात. दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटलेली असतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवस उजाडला की तोच साठा वापरून अन्न तयार! बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला भारतात असताना पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा गेला. हे त्याने 1815 मध्ये छापून आणलं. (तुम्ही मात्र पान चघळायच्या भानगडीत पडू नका. ते पोटाला बरं नाही.)

मोगऱ्याची कुंडी

संध्याकाळी मावशी पाणी घालायला निघाली. भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याची एक बादली आणि एक तांब्या. कुंडीला एक तांब्या, तोही माती पूर्ण वाळल्यावरच. मी सहज विचारलं, "मावशी, तुझा मोगरा कुठंय गं?" लहानपणी सुट्टीत आम्ही त्याचेच गजरे करायचो. आजीने लावून दिलेला मोगरा होता तो.

"सोळा साली गेला," ती म्हणाली.

2016. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी यायला लागली.

"पाण्यासाठी रांगेत उभं राहायचं आणि घरी येऊन मोगऱ्याला घालायचं? हात उचलला नाही माझा," मावशी म्हणाली. "रोज एक एक पान गळताना बघितलं. कोपऱ्यात तुझ्या काकांनी आणलेलं एक अ‍ॅडेनियम होतं. त्याचीही पानं झडली. मेलं म्हणून सोडून दिलं. पावसाचे चार थेंब पडले, तर कोंब!"

त्या वर्षी मी पुण्यात मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते. लातूरच्या पाणी-रेल्वेवर आमच्या ग्रुपने प्रेझेंटेशन केलं होतं. बातम्यांचं कव्हरेज, कॅमेरा अँगल्स, हेडलाइन्स... मस्त मार्क मिळाले होते. मावशीला मात्र मी एकदाही फोन केला नव्हता. 'बिझी' होते ना! ती काही बोलली नाही. तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि मोठ्या कुंडीकडे बोट दाखवलं. मोगऱ्याच्याच कुंडीत आता ते अ‍ॅडेनियम आहे, माझ्या कमरेएवढं.

"आता मोगरा लाव ना परत," मी म्हटलं.

"लावीन की. अजून मन धजत नाही."

परतताना तिने पानफुटीचं एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. पुण्यात आल्यावर ते मुरमाच्या मातीवर नुसतं ठेवून दिलं. काही दिवसांनी पानाच्या कडेला इवली रोपं फुटली. आता दर रविवारी मी लातूरला फोन करते. पहिली दोन मिनिटं झाडाबद्दल, मग तासभर गप्पा. या वर्षी पाऊस बरा झाला तर मोगऱ्याचं कलम घेऊन जाईन म्हणते. लावायचं की नाही, ते मावशी ठरवेल.

मावशीच्या टिप्स

* माती बोटभर खोल कोरडी असेल तरच पाणी घाला. शंका आली तर घालूच नका!
* कुंडीला भोक हवंच. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.
* अ‍ॅडेनियम आणि बोगनवेलीला भरपूर ऊन हवं. सावलीत पानं येतील, फुलं रुसतील.
* पावसाळ्यात सक्युलंट्स वळचणीखाली, कोरड्यात ठेवा.
* अ‍ॅडेनियम आणि युफोर्बियाचा चीक विषारी असतो. छाटल्यावर हात धुवा, लहान मुलं आणि मांजरांपासून लांब ठेवा.