शेकाचं पाणी

आषाढात माउलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून आमच्या नातेपुत्यात येते, त्या संध्याकाळी घरोघर चुलीवर पाण्याचे हंडे चढलेले असतात. ओसरीवर टेकलेल्या म्हाताऱ्या वारकरणीच्या टाचांच्या भेगांत वाटेवरचा चिखल वाळून बसलेला असतो. घमेल्यातल्या ऊन पाण्यात पाय सोडले की आधी तिचे डोळे मिटतात, आणि थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागते. लेकीचं, पावसाचं, पेरणीचं. दुखणं सैल झालं की माणूसही सैल होतो.

आमच्या या भागाला पाणी मिळालं ते नीरेच्या कालव्यानं. जमिनीतून आपसूक वर येणारं ऊन पाणी इकडे कुणी पाहिलेलं नाही. म्हणून कंबर धरली, गुडघे धरले, औषधं थकली, की माणसं वज्रेश्वरीचं नाव काढत. माझी आजी आत्याला सोबत घेऊन गेली होती. बरोबर स्टोव्ह, भाकरीचं पीठ, चटणी. धर्मशाळेत राहायचं, सकाळ-संध्याकाळ कुंडात बसायचं, एवढाच इलाज.

तानसा नदीच्या काठानं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी असे हे झरे फुटले आहेत. देवीनं मारलेल्या राक्षसांच्या रक्तामुळे पाणी तापलं, असं तिथे सांगतात. काहींना वाटतं, सह्याद्रीच्या पोटात जुना लाव्हा अजून धगधगतो आहे. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, भूगर्भाच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर चढतं. कोकणच्या पट्ट्यात पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, अशी या झऱ्यांची ओळच लागते. उन्हवऱ्याचं पाणी तर सत्तर अंशांच्या आसपास असतं. ज्या पावसानं आजीचं गुडघ्याचं दुखणं वाढायचं, तोच पाऊस खालून तापून तिला शेक द्यायला वर येत होता, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं.

चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि देवीचं किल्ल्यासारख्या तटाचं देऊळ उभं राहिलं. त्याच सुमाराला, १७३८ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ गावी एका रुग्णालयाची पायाभरणी झाली होती. तिथले झरे रोमन काळापासून वापरातले, पाणी साधारण शेहेचाळीस अंशांचं. धनिक मंडळींनी ते गाव हवापालटासाठी गजबजवून टाकलं होतं. बाहेरगावच्या गरीब रुग्णांनाही त्या पाण्याचा इलाज मिळावा, म्हणून हे रुग्णालय काढावं लागलं. आपल्याकडे ती सोय देवळानं आणि धर्मशाळेनं केली. पुढे गणेशपुरीत नित्यानंद स्वामी राहिले. १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर भीमेश्वराच्या देवळापुढची कुंडं मुंबईकरांच्याही ओळखीची झाली होती.

मात्र आपल्या पाण्याचा इतिहास तेवढाच सांगून थांबता येत नाही. सवचे झरे ज्या महाडजवळ आहेत, त्याच महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जमीन कुणाची जात विचारून पाणी तापवत नाही. अडवणारी माणसंच होती. म्हणून कुंडाच्या पायरीवर कुणीही येऊन बसावं, ही गोष्ट मला पाण्यातल्या गंधकाइतकीच औषधी वाटते.

अकलोलीच्या कुंडावर मी हे पाहिलं आहे. दगडी पायऱ्या शेवाळानं निसरड्या, तळातून बुडबुडे येत असलेले. बायका आधी अंगठा बुडवून पाहतात, चटका बसला की पाय मागे घेतात, मग टाच, मग पोटरी, असं पायरी-पायरीनं अंग सवयीला लावतात. एक म्हातारी दुसरीला म्हणते, 'बस गं, लगेच उठू नको.' दोघींची ओळख पाच मिनिटांपूर्वीची.

आता आजूबाजूला लॉज झाले, रिसॉर्ट झाले. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. झिजलेला सांधा त्या पाण्यानं पुन्हा घडत नाही, पण ताठरलेले स्नायू मोकळे होतात, दुखणं काही काळ हटतं आणि रात्री झोप लागते. उसाच्या फडात आयुष्य वाकून गेलेल्या बाईला तेवढं मिळणंही मोठं असतं. तिच्यासाठी सार्वजनिक कुंड घासलेलं हवं, पायऱ्यांना धरायला लोखंडी कठडा हवा, आणि ओलं लुगडं बदलायला चार भिंतींचा, दाराला आतून कडी असलेला आडोसा हवा.