काकांची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आपल्या अनेक घरांत कुणाच्या ना कुणाच्या डबीत असते. तिचं मूळ बुरशीत आहे, हे मला बायोटेक्नॉलॉजी शिकायला लागल्यावर कळलं.

1971 साली जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी बुरशा तपासायला घेतल्या. त्यांचा तर्क साधा होता. आजूबाजूच्या सूक्ष्मजीवांना रोखायला एखादी बुरशी त्यांचं स्टेरॉलच बनू देत नसेल, तर तोच पदार्थ आपल्या यकृतातलं कोलेस्टेरॉलही अडवेल. सुमारे 6000 प्रकार तपासले, तेव्हा क्योतोच्या एका दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम बुरशीत कॉम्पॅक्टिन सापडलं. पुढे अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळालं आणि 1987 मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं.

मला खरी भुरळ घातली ती बुरशीच्या कारागिरीने. लोव्ह-बी नावाचं एकच अवाढव्य एन्झाइम दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत साखळी वाढवतं. सोबतीला लोव्ह-सी. सुमारे 35 रासायनिक पायऱ्या, आणि क्रम चुकत नाही! लोव्ह-एफ बाजूला एक छोटा तुकडा तयार ठेवतं, लोव्ह-डी तो शेवटी जोडतं. आमच्या प्रयोगशाळेत तीन पायऱ्यांतच निम्मा माल वाया जातो.

हे सगळं काकांना सांगायची वेळ आली, कारण अँजिओप्लास्टी झालेली असताना ते गोळी बंद करायला निघाले होते. “केमिकल आहे रे ते. लाल यीस्ट तांदळाची कॅप्सूल नैसर्गिक असते.”

काकांची एटोरव्हास्टॅटिन कारखान्यात बनते, हे खरं. पण यकृतातल्या एन्झाइमच्या खाचेत अडकणारा तिचा भाग बुरशीच्या रेणूसारखाच आहे. आणि लाल तांदळावरची मोनॅस्कस बुरशी जे मोनॅकोलिन-के बनवते, ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. नाव तेवढं वेगळं. म्हणजे काका स्टॅटिन सोडून स्टॅटिनच घेणार होते. फरक एवढाच, की कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नाही. काही कॅप्सूलांत तर सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक असलेलं बुरशीचं विषही आढळलं आहे.

“मग काकू, यांना गोळीचा एवढा राग का?” मी विचारलं.

“पाय दुखतात त्यांचे. डॉक्टरांना सांगत नाहीत.”

स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, आणि त्यावर डोस किंवा गोळी बदलता येते. गुरुवारची वेळ घेतली आहे. काकांबरोबर मीही जाणार आहे.