चाचांच्या मारुतीचं देणं

कड्यात माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत एका गॅरेजवाल्या चाचांचं नाव फार वर येतं. ते ना नात्याचे, ना शेजारचे. पण आज मी माझ्या हातानं गाडी काढून नगरला जाऊन येते, ती त्यांच्यामुळे.

कडा हे नगर–जामखेड रस्त्यावरचं, आष्टी तालुक्यातलं बाजाराचं गाव. मी लग्न होऊन इथं आले आणि जवळच्या खेड्यात शिक्षिका झाले, तेव्हा रेल्वे नव्हती. नगर–आष्टी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ ला. तोवर एसटी, नाहीतर खचाखच भरलेली जीप. बाईमाणसानं चारचाकी शिकावी हे घरात कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. सुचलं ते चाचांना. आमची मोटारसायकल त्यांच्याकडेच दुरुस्तीला जायची. मला रोज जीपच्या दाराशी लोंबकळताना बघून एकदा म्हणाले, “मॅडम, असं कुठवर चालायचं? गाडी शिका. माझी मारुती उभीच असती.”

ती मारुती म्हणजे जुनी आठशे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि पुढं देशातली एक पिढी तिच्यावरच स्टिअरिंग धरायला शिकली. मी त्या पिढीच्या शेपटाकडची.

चावी मात्र लगेच मिळाली नाही. “आधी शिकाऊ परवाना आणा,” एवढंच. अठरा वर्षं पूर्ण, परवाना सहा महिन्यांचा, किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा नाही, गाडीला पुढं-मागं लाल अक्षरातला ‘एल’, शेजारी परवानाधारक माणूस, हे सगळे नियम चाचांना पाठ होते. बाजार नसेल त्या दिवशी मोकळ्या मैदानात ते शेजारी बसायचे आणि त्यांचा उजवा हात कायम हँडब्रेकवर असायचा. शिकवणीच्या गाडीत शेजाऱ्याच्या पायाशी असतो तसा वेगळा ब्रेक या मारुतीत नव्हता. त्यांच्या हाताचाच काय तो भरवसा.

आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा एक मत पक्कं होतं: छोट्या इंजिनची गाडी म्हणजे धोका, शिकायचंच तर ‘दमदार’ गाडीवर शिका. चाचांचं म्हणणं उलटं. नवशिक्याचा पाय अंदाजानं पडतो. दमदार गाडी त्या अंदाजाला लगेच वेग देते. आठशे सीसीचं इंजिन तेवढ्या वेळात माणसाला विचार करायला सवड देतं. क्लच चुकीचा सुटला तर ते सरळ बंद पडतं आणि चूक तिथल्या तिथं कळते. गाडी आखूड, त्यामुळे बाजाराच्या गर्दीतून वळवताना चारही कोपरे कुठं आहेत ते समजतं. पेट्रोल कमी लागतं, सुटे भाग नगरला कुठंही मिळतात. शिकणाऱ्याला आणि मास्तरच्या पगाराला दोन्हीला परवडणारी गाडी.

पण लहान इंजिनचं गुणगान तेवढ्यावर थांबवायचे ते. खरी परीक्षा ओव्हरटेकची. दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर माणसं, भांडी, कोप्यांचं सामान. अंधारात मागचा दिवा असला तर नशीब. अशा ट्रॅक्टरमागे चाचांनी मला हिशेब शिकवला. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. पुढं निघायला दहा सेकंद लागले तर आपण एकशे सत्तर मीटर जातो, समोरून त्याच वेगानं येणाराही तेवढाच पुढं सरकतो. म्हणजे साडेतीनशे मीटर रस्ता मोकळा दिसायलाच हवा. लहान इंजिनला वेग घ्यायला वेळ लागतो, चार माणसं आणि एसी असेल तर आणखी. “तिसऱ्यात टाका, एसी बंद करा, मग बाहेर काढा. दिसत नसंल तर मागं ऱ्हावा. ट्रॅक्टरमागं राहून कुणी मेलं न्हाई,” असं ते म्हणत. पुढं नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट चढले, तेव्हा या एका वाक्याचा मला फार उपयोग झाला.

जानेवारी २०१४ मध्ये एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. मारुती आठशेचं उत्पादन थांबलं. आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवून बघितल्या: ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या गाड्यांपैकी एकीलाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. मी कात्रण घेऊन गॅरेजात गेले. चाचांचं बोट पोलोच्या ओळीवर थांबलं. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवल्या तर चार तारे मिळाले होते. ऑल्टो, नॅनो आणि आय-टेनचा सांगाडाच असा दबला होता की एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग नव्हता. चाचा म्हणाले, “म्हंजी दोष इंजिनचा न्हाई, पत्र्याचा हाय.” इतक्या वर्षांत स्टाफरूममध्ये कुणाला न सुटलेला गुंता त्यांनी एका वाक्यात सोडवला. आणि स्वतःच्या आठशेबद्दल तितक्याच सरळपणे सांगितलं, “ही शिकायला चांगली. ठोकायला न्हाई.”

त्याच वर्षी ३ जूनला दिल्लीत आमच्या बीड जिल्ह्याचे नेते गोपीनाथराव मुंडे अपघातात गेले. गाडी काही आठशे नव्हती, चांगली सेडान होती. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, हे तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. बीड जिल्ह्यात त्या दिवशी घराघरात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुढच्या आठवड्यात चाचा गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं मागचं सीट उचलत होते. कव्हरखाली दबलेले बेल्ट उपसून, झटकून वर काढत होते. कुणी हसलं तर उत्तर द्यायचे नाहीत. पैसेही घ्यायचे नाहीत. मागच्या बेल्टचा नियम कायद्यात आधीपासून होता. कड्यातल्या गाड्यांत तो चाचांनी आणला.

अलीकडे पुतणीला पुण्यात नोकरी लागली आणि तिला पहिली गाडी घ्यायची होती. घरात पुन्हा तीच चर्चा: किती सीसी? मी चाचांची शिष्या. सरकारी हिशेबात छोटी पेट्रोल गाडी म्हणजे चार मीटरच्या आत आणि बाराशे सीसीपर्यंतची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के. पण या एकाच गटात किती अंतर आहे बघा. ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी २०२१ मध्ये टाटा पंचला पाच तारे मिळाले, २०२३ मध्ये ऑल्टो के-टेनला दोन आणि वॅगन आरला एक. तिघीही छोट्याच. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅपही आहे. आम्ही आधी तारे बघितले, मग इंजिन. गाडी बाराशे सीसीच्या आतलीच आली.

चाचांना शिकवणीचे पैसे विचारले होते तेव्हा ते म्हणाले होते, “दुसऱ्या कुणाला शिकवा.” शाळेतल्या काही जणी माझ्याशेजारी बसून शिकल्या, ते त्या देण्यातलं थोडंसं फेडणं. बाकीचं अजून अंगावर आहे.

नव्यानं गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. छोटं इंजिन खुशाल घ्या. गावात, शहरात, नोकरीच्या रस्त्याला ते पुरतं. पण सुरक्षेचे तारे आणि एअरबॅग बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. शिकायला जुनी गाडी चालेल, मुलाबाळांना घेऊन हायवेला जायला नको. ओव्हरटेकची घाई करू नका. आणि आज घरी गेल्यावर मागच्या सीटखाली हात घालून बेल्ट वर काढा.