कुर्बानीच्या बोकडाचे केस

अब्बा कुवेतहून परतले ते १९९० च्या सप्टेंबरात. बगदादवरून अम्मान, आणि तिथून विमानाने मुंबई. २ ऑगस्टला इराकी फौजा शिरल्या आणि बारा वर्षांची कमाई तिथेच राहिली. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांनी आणला एक पत्र्याचा डबा. आम्हा भावंडांना वाटलं, चॉकलेटं असतील. आत निघाले गळ आणि एक खोटी कोळंबी.

तिकडच्या एका गोऱ्या इंजिनिअरने त्यांना ती बांधायला शिकवली होती. इंग्रजीत अशा आमिषाला ‘फ्लाय’ म्हणतात, म्हणजे माशी. मग ती कोळंबी का असेना!

त्या हिवाळ्यात अब्बा कुणाशी बोलत नसत. बाणकोटच्या खाडीकडे तोंड करून पडवीत बसून राहत. एके दिवशी त्यांनी अम्माच्या मशीनवरचं रीळ मागितलं, आणि मग घरातल्या वस्तू एकेक करून नाहीशा होऊ लागल्या.

पकडीच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं की तिच्या तोंडात गळ घट्ट बसे. जळक्या पंख्यातली तांब्याची तार म्हणजे कोळंबीच्या अंगावरच्या वळ्या, आणि वजनही. पाठीला प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी. पायांसाठी कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळायचं. तंगूसाचं टोक मेणबत्तीला दाखवलं की वितळून काळी गोळी होते, ते डोळे. हे डोळे गळाच्या वळणाकडे बांधायचे आणि शेपूट दोरीच्या बाजूला, कारण घाबरलेली कोळंबी शेपूट आपटत मागे पळते. आम्ही नेमके उलटे बांधले, तेव्हा परतल्यापासून अब्बा पहिल्यांदा हसले.

गाठीवर नेलपॉलिश लागे. वजूचं पाणी नखाला पोचत नाही म्हणून अम्माने ते कधी लावलं नव्हतं. घरात आलेली पहिली बाटली कोळंब्यांच्या वाट्याला गेली.

मिशांचं मात्र जमेना. झाडूच्या काड्या पाण्यात ताठ राहत. १९९१ च्या बकरी ईदला घरच्या बोकडाची कुर्बानी झाली. कातडं मदरशात गेलं, शेपटीचे केस अब्बांनी ठेवून घेतले. पाण्यात ते जिवंत असल्यासारखे हलत. पावसाळा सरल्यावर, भरतीच्या पाण्यात, कांदळाच्या मुळांशी त्या कोळंबीला तांबोशी लागली; पुढे एक जिताडाही.

जिताड्याची बातमी ऐकून मुंबईचा एक हौशी पाहुणा आला. त्याने डझनभर कोळंब्या मागितल्या, नोटा काढल्या. घरात दुकानदाराची उधारी थकलेली. अब्बा म्हणाले, “साहेब, यात कुर्बानीचे केस आहेत. आम्हाला वापरता येतात, विकता येत नाहीत.” पाहुण्याला वाटलं, भाव वाढवतायत. त्याने आणखी एक नोट ठेवली.

अब्बांनी बाराही कोळंब्या कागदात बांधून त्याच्या हातात दिल्या आणि नोटा परत केल्या. अम्मा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खाटकाकडून विकत आणलेली बोकडाची शेपटी तिने त्यांच्यापुढे टाकली. म्हणाली, “हिचे तरी केस विकता येतात ना?”