सागाच्या बारीक पट्ट्या

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक धानाची कापणी आटोपली की उभं राहतं आणि होळीपर्यंत चालतं. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्रभर नाटक. वडशाच्या कंपन्या चंद्रपूर-गडचिरोलीची गावं पालथी घालतात. साथीला पूर्वी ऑर्गन आणि तबला असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले. अशाच एका कंपनीत वाजवणाऱ्या मुलानं माझ्यापुढे एक बास गिटार ठेवली आणि विचारलं, "काका, हे कंपनीचीच होय का मागून कोनं बनवली जी?"

गिटारीला फ्रेट, म्हणजे पट्टीवर बसवलेल्या धातूच्या आडव्या तारा, नव्हते. शिसमाच्या पट्टीवर फ्रेटच्या जागी फिकट आडव्या रेघा होत्या. माथ्यावरचं नाव घासून गेलेलं. विकणारा म्हणत होता, कारखान्यातून अशीच आली आहे, म्हणून दाम जास्त. अशक्य काही नव्हतं त्यात. अँपेग कंपनीनं 1966 मध्ये आणि फेंडर कंपनीनं 1970 मध्ये फ्रेटलेस बास बाजारात आणला आहे. फ्रेट नाहीत एवढ्यावरून ते उपटलेच असतील, असं म्हणता येत नाही.

मी आधी मानेच्या कडेवरचे ठिपके पाहतो. फ्रेटवाल्या बासवर ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात. रेघा नसलेल्या फ्रेटलेसवर मात्र कारखाने ते पुष्कळदा स्वराच्या नेमक्या जागी, म्हणजे फ्रेट असता तर जिथे असता तिथे बसवतात. इथे ठिपके मधोमध होते. पण रेघा मारलेल्या काही कारखानी गिटारींवरही ते तसेच असतात, तेव्हा एवढ्यावर निकाल देणं बरं नाही. मग नट, म्हणजे माथ्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी, पाहिला. फ्रेट गेले की तारा पट्टीपासून उंच राहतात आणि नटच्या खाचा खोल कराव्या लागतात. इथल्या चारही खाचा कानशीनं खोल केलेल्या होत्या आणि प्रत्येकीचा उतार वेगळा. रेघांच्या कडेला शिसमाचे बारीक टवके उडालेले. फ्रेट नीट तापवून सावकाश काढला नाही तर असंच होतं. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवरच्या आकड्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. 1377533 असं छापलेलं असेल तर तो पॉट सीटीएस कंपनीनं 1975 च्या तेहेतिसाव्या आठवड्यात केला, एवढंच कळतं. तो या गिटारीत कधी आला, हे त्यावरून ठरत नाही. पाठीवरची नंबराची प्लेट तर चार स्क्रू काढले की बदलता येते.

मग पिकगार्ड उघडलं. खाली कोणीतरी जास्तीच्या पिकअपसाठी पटाशीनं खळगा केला होता आणि नंतर लाकडाचा तुकडा बसवून बुजवला होता. कारखान्याचा खळगा साच्यावर फिरणाऱ्या यंत्रानं होतो, त्याच्या कडा सारख्या असतात आणि बहुतेक वेळा आत रंगही उतरलेला असतो. इथे कडा वाकड्या, लाकूड उघडं. त्या तुकड्याला ब्लेड लावलं आणि वास आला. साग! फ्रेटच्या खाचांत भरलेल्या पट्ट्याही त्याच रंगाच्या, त्याच लाकडाच्या. बल्लारशाच्या लाकडाच्या आगाराजवळ वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते याच मुलखातून.

मला खरा आनंद झाला तो पुढच्या गोष्टीचा. सागात तेल असतं. थिनरनं पुसून लगेच चिकटवला नाही तर फेव्हिकॉल त्याला नीट धरत नाही. केसाएवढ्या त्या पट्ट्या पट्टीशी एकजीव होत्या, नखाला लागत नव्हत्या, एकही उचललेली नव्हती. ज्यानं हे केलं त्याला गिटार फारशी ठाऊक नसेल, टवके तेच सांगत होते. पण साग त्याला पक्का ठाऊक होता. तो इथलाच कोणी सुतार असावा असं मला मनापासून वाटतं.

जुन्या वाद्यांच्या बाजारात बदललेल्या वाद्याची किंमत उतरते, आणि जो मूळ वस्तूचे पैसे मोजतो त्याला मूळ वस्तूच मिळायला हवी. तरी फ्रेटलेस बास गाजला तो मुख्यतः ज्याच्यामुळे, त्या बासवादक जॅको पास्टोरियसचा बास असाच बदललेला होता. फेंडरच्या जॅझ बासचे फ्रेट निघाले, खाचा भरल्या गेल्या, वर इपॉक्सी चढला. पुढे फेंडरनंच त्या बदललेल्या बासची नक्कल कारखान्यात करून त्याच्या नावानं विकायला काढली.

मुलाला मी सांगितलं, ही मागून बनवलेली आहे, विकणारा म्हणतो ते खरं नाही. बदललेल्या गिटारीचा दाम दे आणि जरूर घे, मान सरळ आहे, स्वर छान लागतो. मला सलतं ते इतकंच, की एवढं निगुतीनं काम करणाऱ्याचं नाव कुठेही नाही. उलट विकताना त्याचं काम कारखान्याच्या नावावर खपवलं जात होतं. फेंडरच्या जुन्या कारागिरांनी मानेच्या टाचेवर पेन्सिलनं तारखा लिहून ठेवल्या, म्हणून आज त्या गिटारींचं वय कळतं. आपल्याकडच्या सुतारांना, वाद्य दुरुस्त करणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: वाद्यात काही बदललंत तर पिकगार्डखाली, ऑर्गनच्या फळीमागे, कुठेही, पेन्सिलनं तारीख, गाव, आपलं नाव आणि काय बदललं ते लिहून ठेवा.