वाड्याचा बाज, आईची बाज

वडिलोपार्जित वाड्याविषयीचं प्रेम हे वाड्यापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढतं, असा माझा एक सिद्धान्त आहे. पुरावा आमच्याच घरातला देतो. न्यू जर्सीतल्या चुलतभावाच्या डोळ्यांत वाड्याचं नुसतं नाव काढलं तरी पाणी येतं. पुण्यातल्या थोरल्या भावाचा फक्त आवाज घोगरा होतो. मी नांदेडला बँकेत कारकून, वाड्यापासून दीड-दोन तासांवर. मला एक उसासा पुरतो. आणि आई प्रत्यक्ष तिथंच राहते. तिला वाड्याविषयी विचारलं तर ती म्हणते, "माजघरात पुन्हा गळायलंय."

वाडा नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूरच्या आसपासच्या एका गावात आहे. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं दारात हत्ती झुलत असतील, तर कृपा करून त्यांना बाजूला घ्या. आमचा वाडा बारा खणांचा. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आमच्याकडे जुनं घर खोल्यांनी नव्हे, खणांनी मोजतात. किनवटकडच्या सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलच, किलचांवर पाला आणि पाल्यावर माती. झालं माळवद. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. देवळ्या इतक्या, की तेहेतीस कोटी असूनही देव कमी पडावेत. मे महिन्यात नांदेडला शाखेतला एसी बंद पडला की कॅशिअर मॅनेजरला ओळख देत नाही. पण आमच्या माजघरात पाठ टेकली की दहा मिनिटांत घोरणं सुरू.

अशा या वाड्याची पश्चिमेची भिंत एका पावसाळ्यात पोट पुढं काढून उभी राहिली. चाळिशीनंतर माझंही तेच झालं आहे, पण माझ्यासाठी कुणी बैठक बोलावली नाही. वाड्यासाठी मात्र फोनवर गोलमेज परिषद भरली.

"एक दगड हलवू नका," न्यू जर्सी म्हणाली. "वाड्याचा बाज जपला पाहिजे."

"पाडा सगळं," पुणे म्हणालं. "वर स्लॅब टाका आणि समोरून जुन्यासारखं दिसेल असं एलिव्हेशन करून घ्या."

"वरून चार पाट्या माती टाका, गळती थांबंल," गावातले तात्या म्हणाले. ते गेली पन्नास वर्षं हेच म्हणत आले आहेत.

मी बँकेत असल्यामुळे पैशाचं मी बघावं, हा ठराव मात्र एकमतानं मंजूर झाला.

बँकेतल्या माणसाला कर्ज सहज मिळतं ही समजूत, हलवायाच्या पोराला मधुमेह होत नाही या समजुतीइतकीच खरी आहे. मूल्यांकनाला साहेब आले. वाडाभर फिरले, ताक प्याले, आणि कागदावर जागेची किंमत लिहून पुढं बांधकामाची किंमत लिहिली : शून्य. मी बी.कॉम. आहे. घटत्या शिल्लक पद्धतीनं दरवर्षी घसारा काढत गेलं, तर कुठलीही मालमत्ता कितीही झिजली तरी शून्यावर म्हणून येत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. ताक शून्यात जमा झालं याचं दुःख वेगळंच.

मग मालकीचा जुना कागद हवा म्हणाले. कागद निजामाच्या राजवटीतला, म्हणजे 1948च्या आधीचा. तेव्हा आमच्याकडे कचेरीची भाषा उर्दू. घराण्यात तीन पिढ्या तो कागद देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहत आल्या होत्या. निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा पुसून तो वाचला. त्यात आमच्या पणजोबांनी, आपल्या पन्हाळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू देणार नाही, असं लिहून दिलं होतं. पाणी अजून पडतं.

शेवटी कर्ज माझ्या पगारावर निघालं आणि मिस्त्री आले. साठी उलटलेला माणूस. किल्लारीच्या भूकंपानंतर पडझडीच्या आणि दुरुस्तीच्या कामांवर त्यांची चार वर्षं गेलेली. त्यांनी भिंतीकडे फारसं पाहिलंच नाही. शिडी लावून माळवदावर चढले, पहार खुपसली आणि ती किती आत जाते ते बघत बसले.

"मालक, हे घर लाकडानं धरलंय. भिंत निसती आडोशाला हाय. दुखणं वर हाय."

वर खणून बघितलं तर दोन फूट माती! आणि तीसुद्धा थराथरांची. पणजोबांची, आजोबांची, तात्यांची. दरवर्षी मृगाच्या आधी गळतीवर एक पाटी टाकायची. काढायची मात्र कुणीच नाही. ज्या खतावणीत नुसती जमाच जमा असते, तिथं एक दिवस तपासनीस येतो, हे आम्हा बँकवाल्यांना माहीत असतं.

आमच्या भागात तो 30 सप्टेंबर 1993ला आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गावं गाढ झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगडमातीच्या भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पदर असतात, मध्ये गोटे आणि चिखल. हादऱ्यानं ते पदर फाकले आणि वरची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. मी सातवीत होतो. आमच्याकडे फक्त चार तडे गेले. पण त्या दिवशी आईनं आपली बाज अंगणात काढली ती काढलीच. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडात, एरवी आभाळाखाली. कुणी विचारलं तर, "आत गुदमरतंय," एवढंच.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. माळवद हजार चौरस फूट, माती दोन फूट, म्हणजे दोन हजार घनफूट. घनफुटाला पन्नासेक किलो धरले तर शंभर टन. मघाशी बाजूला घ्यायला सांगितलेले हत्ती आठवताहेत ना? ते दारात नव्हते; पाच टनी वीस हत्ती आमच्या डोक्यावर बसले होते. त्यांच्याखाली आम्ही सुट्टीत येऊन खुशाल घोरत होतो. आई का घोरत नव्हती, ते त्या दिवशी कळलं.

मग न्यू जर्सीचं ऐकलं नाही, पुण्याचंही नाही. मिस्त्रींनी खांब, तुळया, देवळ्या, चौक यांना बोट लावलं नाही. माती तेवढी वीतभर ठेवून बाकीची ट्रॉल्या भरभरून शेतात नेली. मध्ये पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा जाड कागद घातला. खांब आणि तुळई मिळतात तिथं तिरपे लाकडी टेकू दिले. पोटाळलेली भिंत उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचली. बाकीच्या भिंतींना जागोजाग आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरलं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील. ओट्यावर बसून तात्या जाणारी प्रत्येक ट्रॉली मोजत होते. "माझ्या बापानं टाकलेली माती हाय ती," ते म्हणाले. चाळिसाव्या ट्रॉलीला म्हणाले, "लईच टाकली होती की."

काम झाल्यावर सगळ्यांना फोटो पाठवले. पुण्याहून निरोप आला, "एवढा खर्च केला, फरक काहीच दिसत नाही." न्यू जर्सीहून आला, "वाडा जरा बारीक वाटतोय."

आईला मी दोन्ही निरोप वाचून दाखवले. ती माजघरात कोनाडे पुसत होती. "ओझं उतरलं की माणूस बी बारीक दिसतंय," ती म्हणाली. मग वर बघितलं, खांबाला हात लावून बघितला, आणि म्हणाली, "बापू, बाज आत घे."

मी बाज आत घेतली. माळवदाखाली घालायला ती नेमकी दीड खण लागते.